स्लो कुकरमधलं पुल्ड चिकन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच पदार्थाभोवती फिरतात. पुल्ड चिकन म्हणजे मंद आचेवर इतकं मऊ शिजवलेलं चिकन, की काट्याने ओढलं तर त्याचे धागे सुटावेत. ते आंबट-गोड-तिखट बार्बेक्यू सॉसमध्ये कालवायचं आणि पावात भरून खायचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हा मान मुळात डुकराच्या खांद्याच्या मांसाचा, तेही लाकडाच्या निखाऱ्यांवर तासन् तास भाजलेल्या. चिकन आणि स्लो कुकर ही त्याची घरात जमण्यासारखी रीत. स्लो कुकर म्हणजे आत चिनी मातीचं भांडं असलेला, तासन् तास सावकाश शिजवणारा विजेचा कुकर; त्यावर आचेच्या «लो» आणि «हाय» अशा खुणा असतात.

प्रश्न : स्लो कुकरमध्ये बार्बेक्यू चिकन केलं की दर वेळी पातळ रस्सा होतो. सॉसची चवही पाणचट लागते. पाणी तर एकच कप घालते. काय चुकतं? नेमकं प्रमाण द्याल का? (ठाणे)

तो एक कपच चुकतो. गॅसवर भाजी शिजताना वाफ सतत निघून जाते, म्हणून आपला हात सवयीने पाण्याकडे जातो. स्लो कुकरचं झाकण वाफ बाहेर जाऊ देत नाही. वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि पुन्हा भांड्यातच पडतात. शिवाय एक किलो बोनलेस चिकन शिजताना स्वतःचंच साधारण पाव लिटर पाणी सोडतं. म्हणजे तुमच्या भांड्यात अर्धा लिटरच्या आसपास पाणी झालं आणि सॉस त्यात विरघळून गेला. पुल्ड चिकनला पाणी अजिबात घालायचं नाही, आणि सगळा सॉस सुरुवातीला ओतायचा नाही.

साडेचार ते सहा लिटरच्या कुकरसाठी हे प्रमाण घ्या. सहा ते आठ पाव भरतील इतकं होतं.

चिकन : कातडी काढलेल्या, हाड काढलेल्या मांड्या १ किलो. मीठ १० ग्रॅम, म्हणजे चहाचे पावणेदोन चमचे सपाट. मिरपूड १ चहाचा चमचा.

सॉस : टोमॅटो केचप २०० ग्रॅम, ॲपल सायडर व्हिनेगर ६० मिली, काकवी ३ मोठे चमचे (किंवा किसलेला गूळ ४० ग्रॅम), तयार पिवळी मोहरी पेस्ट १ मोठा चमचा, वूस्टरशायर सॉस १ मोठा चमचा (नसेल तर सोया सॉस २ चहाचे चमचे), स्मोक्ड पॅप्रिका (धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड) २ चहाचे चमचे, काश्मिरी मिरची पूड २ चहाचे चमचे, लसूण पावडर १ चहाचा चमचा, जिरेपूड अर्धा चहाचा चमचा. शेवटी घालायला लोणी २० ग्रॅम. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, चहाचा म्हणजे ५ मिली.

जमलं तर आदल्या रात्री चिकनला मीठ-मिरपूड चोळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. मीठ आत मुरलं की मांस पाणी थोडं कमी सोडतं, आणि धागे सुटे केल्यावर आतून अळणी लागत नाही. वेळ नसेल तर अर्धा तासही चालेल.

सॉसचं सगळं साहित्य (लोणी सोडून) पातेलीत घेऊन मंद आचेवर ८ ते १० मिनिटं शिजवा. कच्च्या मसाल्याचा वास गेला पाहिजे, कारण स्लो कुकरमध्ये तो नीट जात नाही. एक मोठा कांदा उभा चिरून थोड्या तेलात गुलाबी होईपर्यंत परता. ही पायरी टाळू नका. व्हिनेगर आणि टोमॅटोच्या आंबटपणात कांदा मऊ व्हायला फार वेळ घेतो, आणि कच्चा टाकला तर चार तासांनंतरही दाताखाली करकरतो.

तळाला कांदा, त्यावर मांड्या शक्यतो एका थरात, आणि वरून निम्माच सॉस. लो वर साडेतीन ते चार तास. आपल्याकडचा ब्रॉयलर अमेरिकेतल्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे मांड्या छोट्या असतील तर तीन तासांनी एकदा तपासा. काटा खुपसून फिरवल्यावर मांस आपणहून फाटलं पाहिजे. तापमापक असेल तर आतलं तापमान ८५ ते ९० अंश सेल्सिअस हवं.

चिकन बाहेर काढून १० मिनिटं निवू द्या आणि दोन काट्यांनी पिंजा. कापूस पिंजतात तसंच, पण फार बारीक नको. खूप पिंजलेलं चिकन सॉसमध्ये लापशी होतं. तोवर भांड्यातलं पाणी गाळून कढईत घ्या, वरचं तेल चमच्याने काढा आणि मोठ्या आचेवर एक तृतीयांश होईपर्यंत आटवा. याला १० ते १२ मिनिटं लागतात. त्यात राखून ठेवलेला सॉस आणि लोणी घाला, एक उकळी येऊ द्या, मग चिकन आणि कांदा घालून हलक्या हाताने कालवा. सगळा सॉस एकदम ओतू नका. चिकनने जेवढा धरला तेवढाच घाला, उरलेला पावाला लावायला ठेवा. चाखून बघून शेवटी एक चहाचा चमचा व्हिनेगर वरून घाला. लांब शिजण्यात आंबटपणाची धार बोथट होते, ती या एका चमच्याने परत येते.

कॉर्नफ्लोअर लावून रस्सा घट्ट करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. घट्ट होतो, पण चव पाणचट ती पाणचटच राहते. आटवणं हाच त्यावरचा खरा उपाय.

प्रश्न : एका अमेरिकन पाककृतीत «चिकन ब्रेस्ट, लो वर ८ तास, ऑफिसला जाताना लावून जा» असं होतं. तसंच केलं, तर चिकन लाकडाच्या भुशासारखं झालं. सॉसमध्ये बुडालेलं असूनही कोरडं कसं? (नाशिक)

बाहेरचा ओलावा शिजलेल्या मांसाच्या धाग्यात पुन्हा शिरत नाही. धागा तापला की आक्रसतो आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतो. छातीच्या मांसात चरबी आणि कोलॅजेन (मांसाचे धागे बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) दोन्ही फार कमी, त्यामुळे ७५ अंशांच्या पुढे गेलं की सावरायला काही उरत नाही. मांडीचं तसं नाही. तिच्यातलं कोलॅजेन ७० अंशांच्या पुढे हळूहळू वितळून जिलेटिन होतं. पायांचं सूप गार झाल्यावर थिजतं, ते याच जिलेटिनमुळे. ते धाग्यांवर बसतं आणि मांस रसाळ लागतं. म्हणून आमचं मत ठाम आहे : पुल्ड चिकनला मांडीच घ्या.

घरच्यांना छातीचंच हवं असेल, तर अख्खे तुकडे लो वर दोन ते अडीच तास, आणि आत ७४ अंश आले की लगेच बाहेर. ७४ ही अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी सांगितलेली सुरक्षित मर्यादा आहे, त्याखाली थांबू नका. पिंजताना भांड्यातलं आटवलेलं पाणी जरा सढळ हाताने घाला. अर्ध्या मांड्या आणि अर्धी छाती असं मिश्रणही चांगलं होतं, फक्त छातीचे तुकडे मांड्यांच्या दीड तास नंतर टाका.

आठ तासांच्या पाककृती ऑफिसच्या वेळापत्रकाला धरून लिहिलेल्या असतात. कोंबडीचा त्या वेळेशी काही संबंध नाही. आठ तास बाहेरच राहायचं असेल तर टायमर असलेला कुकर घ्या, जो ठरलेल्या वेळी आपोआप «वॉर्म» वर, म्हणजे नुसतं गरम ठेवण्याच्या खुणेवर जातो. मात्र कच्चं चिकन भरून «चार तासांनी सुरू हो» अशी वेळ लावू नका. तोवर ते खोलीच्या तापमानात पडून राहतं.

गावठी कोंबडी उलट आठ तासांना साजेशी आहे. हाडांसकट तंगड्या लो वर सात ते आठ तास घेतात, आणि धागे जाड, चवदार सुटतात. पिंजताना बारीक हाडं काळजीपूर्वक वेचा.

प्रश्न : लो आणि हाय यांत नेमका फरक काय? हाय वर अर्ध्या वेळेत होत असेल तर लो हवंच कशाला? (पुणे)

बहुतेक कुकर दोन्ही खुणांवर शेवटी उकळीच्या जवळपासच पोहोचतात. हाय वर लवकर, लो वर उशिरा. मांड्यांना हाय वर दोन ते अडीच तास पुरतात. पण कडेला सॉसमधली साखर करपण्याची शक्यता वाढते, आणि «झालं» ते «फार झालं» यांतलं अंतर वीस मिनिटांवर येतं. घरी असाल, लक्ष ठेवणार असाल, तर हाय चालेल. दर वेळी झाकण उघडलं की साठलेली वाफ जाते आणि वीसेक मिनिटं वाढतात, हे दोन्हींना लागू.

प्रश्न : पंधरा वर्षांनी न्यू जर्सीहून पुण्याला परत येतो आहोत. आवडता स्लो कुकर बरोबर आणायचा आहे. नुसता प्लग बदलून चालेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही, आणि हे अगदी कळकळीने सांगतो. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, भारतात २३० व्होल्टची. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट, म्हणून शक्ती पावणेचार पटीच्या आसपास. २५० वॉटचा कुकर ९०० वॉट खेचू लागेल. तार जळेल, चिनी मातीचं भांडं तडकेल, आगही लागू शकेल. प्लगचा ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

आणायचाच असेल तर इथे २३० चं ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. कुकरच्या तळाशी लिहिलेले वॉट पाहा आणि त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. २५० वॉटच्या कुकरला ५०० व्हीएचा (व्हीए हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप). तो चार-चार तास चालणार आहे, काठोकाठ क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर तापत राहतो. असा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड असतो आणि ओट्यावर जागा अडवतो. बॅगेतलं वजन आणि हा खर्च एकत्र धरला तर इथे २३० व्होल्टचा नवा कुकर घेणं बहुधा परवडतं. चिनी मातीचं आतलं भांडं नीट बसत असेल तर तेवढं आणा, कारण सुटं भांडं मिळवणं अवघड असतं.

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठीही एक सूचना. भारतातला कुकर अमेरिकेत लावला तर तो जळणार नाही, पण जेमतेम पाव शक्तीने चालेल. चिकन कोमट राहील आणि ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात, म्हणजे जंतू झपाट्याने वाढतात त्याच तापमानात, तासन् तास पडून राहील. दिसायला कुकर चालू दिसतो, म्हणून हा धोका लक्षात येत नाही.

नवा असो वा जुना, कुकरची परीक्षा साधी आहे. अर्ध्याहून थोडं जास्त पाणी भरून झाकण लावून लो वर आठ तास ठेवा, आणि झाकण काढताक्षणी तापमान मोजा. ८५ ते ९३ अंशांच्या दरम्यान असेल तर कुकर ठीक. कमी असेल तर तो मांसासाठी वापरू नका.

प्रश्न : अमेरिकन पाककृतींत मोलॅसेस लागतं. कोल्हापुरात काकवी मुबलक मिळते. ती चालेल का? आणि बार्बेक्यू सॉस म्हणजे गोडच असतो का? (कोल्हापूर)

काकवी चालते, आणि छान चालते. फरक एवढाच, की मोलॅसेस म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा, किंचित कडवट पाक; काकवी म्हणजे साखर न काढता आटवलेला उसाचा रस. म्हणून काकवी जास्त गोड आणि कमी कडू. मोलॅसेसच्या जागी काकवी घेताना प्रमाण पाव भागाने कमी करा आणि अर्धा चहाचा चमचा कॉफी पावडर घाला. कडवटपणाची जागा ती भरून काढते, कॉफीची वेगळी चव येत नाही. साखर कारखान्यातली मळी हे मोलॅसेसच असलं तरी ती खाण्यासाठी शुद्ध केलेली नसते. ती वापरू नका. भारतात मिळणारे बरेचसे केचप आधीच खूप गोड असतात, म्हणून आधी सॉस चाखा आणि मग काकवी वाढवा.

दुसरा प्रश्न आम्हाला फार आवडला, कारण दुकानात मिळणारी बाटली पाहून बार्बेक्यू सॉस म्हणजे तपकिरी, घट्ट, गोड असंच वाटतं. ती एका शहराची, कॅन्सस सिटीची धाटणी. आमचं वरचं प्रमाण तिच्याच जवळचं आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात टोमॅटो मुळीच नसतो; व्हिनेगर, मीठ, लाल मिरचीचे फ्लेक्स आणि चिमूटभर साखर, पाण्यासारखा पातळ. त्याच राज्याच्या पश्चिमेला, लेक्सिंग्टनच्या बाजूला, त्यात थोडं केचप पडतं. साउथ कॅरोलायनाच्या मध्यभागात मोहरीचा पिवळा सॉस. आणि उत्तर अलाबामात चक्क पांढरा : मेयोनीज, व्हिनेगर, मिरपूड. डेकेटर गावच्या बिग बॉब गिब्सन यांच्या १९२५ सालच्या हॉटेलातून तो पसरला, आणि तो खास कोंबडीसाठीच आहे.

आंबट-तिखट आवडणाऱ्या घरात पूर्व कॅरोलायनाची रीत जरूर करून पाहा. १५० मिली व्हिनेगर, १ मोठा चमचा साखर, १ चहाचा चमचा मीठ, २ चहाचे चमचे चिली फ्लेक्स, १ चहाचा चमचा मिरपूड, हे ढवळून आदल्या दिवशी बाटलीत भरून ठेवा. चिकन फक्त कांदा, मीठ-मिरपूड आणि यातले ३ मोठे चमचे घालून शिजवा, पिंजल्यावर उरलेला सॉस चवीप्रमाणे शिंपडा. बेडग्या मिरचीचे फ्लेक्स घेतले तर रंगही सुरेख येतो. इथल्या सिंथेटिक व्हिनेगरची धार नुसती बोचरी असते. या सॉसमध्ये लपवायला केचप नाही, म्हणून ॲपल सायडर किंवा गोव्याचं माडाचं व्हिनेगर घ्या.

पांढरा सॉस मात्र भांड्यात शिजवू नका, मेयोनीज फुटतं. ते पिंजलेल्या चिकनवर गारच घालायचं.

प्रश्न : धुराशिवाय त्याला बार्बेक्यू म्हणावं का? फ्लॅटमध्ये धूर कसा आणायचा? (नागपूर)

टेक्सास किंवा कॅरोलायनातल्या भट्टीवाल्याला विचारलंत तर तो नाहीच म्हणेल, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. तिथे बार्बेक्यू म्हणजे लाकूड, निखारा, धूर आणि वेळ. स्लो कुकरमध्ये फक्त वेळ आहे. म्हणून उरलेल्या गोष्टी शेवटी, वेगळ्या द्यायच्या.

पहिली गोष्ट भाजलेपणा. स्लो कुकर ओल्या उष्णतेने शिजवतो, तिथे काहीही खरपूस होत नाही. त्यासाठी १४० अंशांच्या वरची कोरडी आच लागते. पिंजून सॉसमध्ये कालवलेलं चिकन ट्रेवर पातळ पसरा आणि ओव्हनच्या ग्रिलखाली ४ ते ६ मिनिटं ठेवा. कडा काळपट-लाल, चिकट झाल्या की काढा. ओव्हन नसेल तर लोखंडी तवा खूप तापवून थोडं थोडं चिकन दाबून भाजा, न हलवता दोन मिनिटं. एवढ्याने पदार्थ ओळखू येणार नाही इतका सुधारतो.

दुसरी गोष्ट धूर. स्मोक्ड पॅप्रिका हा सगळ्यात सोपा मार्ग. लिक्विड स्मोक (बाटलीतला द्रवरूप धूर) मिळाला तर किलोला पाव चहाचा चमचा पुरे. अर्ध्याच्या वर गेला की औषधासारखी चव येते. आणि आपला धुंगार आहेच. लाकडाचा किंवा करवंटीचा कोळसा लालबुंद पेटवा, स्टीलच्या पातेल्यातल्या चिकनमध्ये वाटी ठेवून तीत कोळसा ठेवा, वर अर्धा चहाचा चमचा तेल सोडा आणि लगेच झाकण लावा. तीन-चार मिनिटं पुरेत, त्यापुढे कडवटपणा येतो. इथे तूप नको. तुपाचा धूर सुंदर असतो, पण तो पदार्थाला थेट दाल-तडक्याकडे नेतो. खिडकी उघडी ठेवा, आणि हे स्लो कुकरच्या भांड्यात करू नका. काचेचं झाकण आणि निखारा यांचं जमत नाही. चटकन पेटावा म्हणून रसायन लावलेला कोळसा तर खाण्याजवळही आणू नये.

प्रश्न : आमच्याकडे वीज केव्हाही जाते. मध्येच गेली तर चिकन टाकून द्यायचं का? (बीड)

घरी असाल तर वाट पाहू नका. वीज गेली की चिकन लगेच पातेल्यात काढून गॅसवर झाकण ठेवून पुरं करा. स्लो कुकरचं मातीचं भांडं गॅसवर ठेवायचं नाही. चिकन पूर्ण शिजलेलं असताना वीज गेली, तर झाकण न उघडता दोन तासांपर्यंत ते सुरक्षित राहतं.

बाहेरून आलात आणि घड्याळ लुकलुकतंय, वीज किती वेळ नव्हती ते कळायला मार्ग नाही, तर ते चिकन टाका. दिसायला शिजलेलं असलं तरी टाका. काही जिवाणूंनी तयार केलेलं विष नंतर उकळूनही जात नाही. किलोभर चिकन वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण घरभर अन्नविषबाधा त्याहून महाग. जिथे भारनियमन नेहमीचं आहे तिथे रात्री लावून झोपण्याऐवजी दिवसा, घरात असताना लावा.

प्रश्न : फ्रीझरमधलं चिकन थेट टाकलं तर? (ठाणे, पनवेल)

नको. गोठलेला गोळा स्लो कुकरमध्ये फार सावकाश तापतो आणि तेवढा वेळ जंतूंना मिळतो. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. सुटे तुकडे तासा-दीड तासात होतात. फ्रिजमधून काढलेलं मातीचं भांडंही थेट तापलेल्या बैठकीत ठेवू नका, आणि गरम भांड्यात गार पाणी ओतू नका. भांडं तडकण्याची कारणं बहुतेक ही दोनच असतात.

प्रश्न : स्लो कुकर नाही. प्रेशर कुकर आहे, इन्स्टंट पॉटही आहे. त्यात होईल? (डोंबिवली, बंगळूर)

होईल. प्रेशर कुकरमध्ये मात्र सॉस आधी घालू नका. केचप आणि काकवी तळाला बसतात, करपतात, आणि कुकरला वाफेसाठी पातळ पाणी हवं असतं. एक किलो मांड्या, परतलेला कांदा, मीठ, १०० मिली पाणी. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून १० ते १२ मिनिटं, मग प्रेशर आपणहून उतरू द्या. चिमटा धरून वाफ झटकन सोडली तर मांसातलं पाणी एकदम उसळतं आणि धागे चरबट होतात. पुढे पिंजणं, आटवणं, सॉस सगळं वरच्यासारखंच. फक्त सॉस पातेलीत वेगळा शिजवून ठेवा. चव नव्वद टक्के तीच येते.

जाड बुडाच्या पातेल्यातही छान होतं. पातेल्याखाली तवा ठेवा, आच अगदी बारीक, झाकण घट्ट, एक ते सव्वा तास. इथे थोडी वाफ जातेच, म्हणून अर्धी वाटी पाणी चालेल.

इन्स्टंट पॉट म्हणजे विजेवर चालणारा प्रेशर कुकर; त्याच्या स्लो कुक मोडवर लेस, नॉर्मल आणि मोअर अशा तीन पायऱ्या असतात. लेस म्हणजे नेहमीच्या कुकरचं लो, असं समजून बरेच जण फसतात. ती पायरी त्याहून थंड आहे. पुल्ड चिकनसाठी मोअर लावा आणि चार तासांनी तपासा. त्याची आच फक्त तळातून येते, कडांनी नाही, त्यामुळे अर्ध्या वेळेनंतर तुकडे एकदा खालीवर करा. खरं तर त्या यंत्राचं बळ प्रेशरमध्ये आहे. हाय प्रेशरवर १० मिनिटं आणि १० मिनिटं नैसर्गिक उतार हा त्यातला चांगला मार्ग.

प्रश्न : याच कुकरमध्ये पोर्क करायचं तर? आणि बन मिळत नाहीत, पोईत भरून चालेल? (मडगाव)

खांद्याचा, चरबी असलेला दीड किलोचा एकसंध तुकडा घ्या, लो वर आठ ते दहा तास. पोर्कला घाई चालत नाही. आत ९३ ते ९५ अंश आल्याशिवाय धागे सुटत नाहीत. तुमच्याकडचं माडाचं व्हिनेगर घालून पूर्व कॅरोलायनाचा सॉस करा, दोन्ही किनारपट्ट्यांचा आंबटपणा एकमेकांना शोभतो.

पोई, म्हणजे गोव्याचा कोंडा लावलेला पोकळ पाव, उत्तमच. तिचा कोंडा आणि आतली पोकळी सॉस धरून ठेवते, मऊ बनसारखी ओली होऊन फाटत नाही. लादीपाव वापरणाऱ्यांनी तो मधोमध कापून तव्यावर लोण्यात भाजून घ्यावा. बरोबर कोबीची कोशिंबीर हवीच : बारीक उभा चिरलेला कोबी, मीठ चोळून १५ मिनिटांनी पिळलेला, व्हिनेगर, चिमूट साखर, मिरपूड. गोड सॉस असेल तर यात मेयोनीज घालू नका, जेवण जड होतं.

प्रश्न : पुल्ड चिकनमध्ये राजमा घालून एकाच भांड्यात सगळं करता येईल का? (अकोला)

येईल, पण कच्चा किंवा नुसता भिजवलेला राजमा स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नका. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते खळखळत्या उकळीत नष्ट होतं. ८० अंशांच्या आसपास अर्धवट तापलं तर उलट त्याचा जोर वाढू शकतो. लो वरचा कुकर बराच काळ नेमका त्याच भागात असतो. मूठभर दाण्यांनीही काही तासांत जोराच्या उलट्या होतात. राजमा रात्रभर भिजवा, पाणी फेका, प्रेशर कुकरमध्ये मऊ शिजवा, आणि शेवटच्या एका तासात चिकनमध्ये घाला. आधीपासून सॉसमध्ये टाकला तर आंबटपणामुळे तो पुढे मऊ होत नाही, म्हणूनही आधी शिजवणं बरं.

स्लो कुकरचा जन्म कडधान्यांसाठीच झाला, हे अनेकांना माहीत नसेल. आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये पेटंट मिळालेलं हे भांडं «बीनरी» म्हणून विकलं जाई. त्यांची आई लिथुआनियातल्या आपल्या गावाबद्दल सांगायची : शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी चोलंट या मांस-कडधान्याच्या पदार्थाची भांडी बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवत. त्यावरून त्यांना ते सुचलं. १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते «क्रॉक-पॉट» या नावाने बाजारात आणलं आणि मग ते घरोघरी गेलं.

प्रश्न : उरलेलं किती दिवस टिकतं? सकाळी मुलांच्या डब्यात देता येईल? (ठाणे)

पसरट ताटात काढून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. भांड्यातच ठेवून दिलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगलं राहतं. सपाट पिशव्यांत, २५० ग्रॅमचे भाग करून, थोड्या सॉससकट गोठवा. सॉस नसेल तर धागे वाळतात. पुन्हा गरम करायला स्लो कुकर वापरू नका, तो फार सावकाश तापवतो. कढईत दोन चमचे पाणी शिंपडून वाफ येईपर्यंत परता.

डब्यासाठी सकाळी चांगलं गरम करून सॉस आटवून कोरडं करा, पूर्ण निववा, आणि पोळीत कोबीसकट गुंडाळून द्या. उन्हाळ्यात डबा दुपारी एकनंतर उघडणार असेल तर मात्र त्या दिवशी दुसरं काही द्या.